कपेलीच्या चार तुळया

पाळी,
९ जुलै १९७२

तीर्थरूप दादास सगुणाचा नमस्कार.

तू इथलं काम टाकून आपल्या गावी पार्श्याला परत गेलास त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून तू लिहिलं नाहीस, मीही लिहिलं नाही. आज लिहितो कारण कळवण्यासारखं चांगलं आहे. कपेलीचं काम पुरं झालं आणि या जूनपासून तिथे कंपनीची शाळा भरते. पहिली ते चौथी, चौसष्ट मुलं.

तू पाहिलीस तेव्हा आत वटवाघळं होती. आता ओळखणार नाहीस. लांब दालनाच्या मध्ये मी छातीएवढी भिंत घातली. पुढच्या भागात पहिली-दुसरी बसते. मागे, जिथे आल्तार होता तिथल्या दोन पायऱ्यांच्या ओट्यावर तिसरी-चौथी. मूर्ती आणि घंटा पाद्री स्वतः येऊन दुसऱ्या इगर्जीत घेऊन गेला, तेव्हा गावातले हिंदूही हात जोडून उभे होते. दारावरचा १८४१ चा आकडा मी तसाच ठेवलाय. पोर्तुगीज शिपायांच्या प्रार्थनेसाठी बांधलेली कपेल, पण चिरे आपल्याच मुलखातले आणि हातही आपल्याच लोकांचे असणार.

बाजूची दोन दारं बुजवली. खनिजाचे ट्रक त्याच बाजूने जातात, सगळी लाल धूळ आत यायची. आता पुढचं एकच दार. जनेलं डोक्याच्या वर आहेत हे तुला आठवत असेल. जुनी शिंपल्यांची तावदानं शाबूत आहेत, उजेड दुधासारखा येतो, पण बाहेरचं काही दिसत नाही. गोकुळदासबाब, म्हणजे कंपनीचे बांधकाम बघणारे, म्हणतात की त्यामुळे मुलांचं लक्ष अभ्यासात राहतं.

मला कायम केलं. आल्ताराच्या मागची पाद्रीची खोली आम्हाला राहायला दिली. शेवंती शाळेची झाडलोट, पाणी बघते. आमची लक्ष्मी दुसरीत आहे. आता ती खोकत नाही.

ज्यावरून तू थापी आणि ओळंबा उचलून निघून गेलास, ते मी विसरलो नाही. छपराखालच्या त्या चार आडव्या तुळया. वर माळा घालायचा, त्यावर खाणीतल्या दगडांच्या नमुन्यांच्या पेट्या ठेवायच्या, आणि माळ्यावर माणसाला उभं राहता यावं म्हणून मध्ये येणाऱ्या तुळया काढायच्या, असा कंपनीचा हुकूम होता. तू म्हणालास, "तुळयो कापल्यो तर भिंती एकामेकाक सोडतल्यो." त्याबद्दल इतकंच लिहितो की भिंती उभ्या आहेत. पावसाचा एक महिना गेला, कुठे ओल नाही.

वहिनीला नमस्कार.

सगुण

पाळी,
२२ ऑक्टोबर १९७२

दादा,

पत्राला उत्तर आलं नाही. माझं पत्रही अर्धंच होतं, तेव्हा तुझा दोष नाही.

ट्रकांच्या बाजूच्या भिंतीला चीर गेली आहे. मधल्या जनेलाच्या वरच्या कोपऱ्यातून निघते आणि तिरकी वर माथ्याकडे जाते. चतुर्थीच्या सुमारास नखाएवढी होती. मी चुना भरला. पंधरा दिवसांनी चुन्याच्या मधोमध फाटली. परत भरला. आता तीत पैसा उभा राहतो.

खाणीत रोज दुपारी एकला सुरुंग लावतात. पूर्वीही लावायचे, पण माळ्यावर आता एकशे चाळीस पेट्या आहेत, प्रत्येक पेटी एका माणसाचं ओझं. सुरुंग झाला की कडीपाटातून बारीक माती पाट्यांवर पडते. मुलं ती फुंकतात आणि लिहायला लागतात. त्यांना सवय झाली आहे.

कमलाक्षीबाई म्हणून इथल्या मास्तरीण आहेत, डिचोलीच्या. परवा मी शिडीवर होतो, त्या खाली उभ्या राहिल्या.

"मेस्त, ही रेघ काल एवढी लांब नव्हती."

"गिलावा वाळतोय, बाई."

"दिवाळी जवळ आली. किती वाळतो?"

मी म्हटलं, जाड भिंत आहे, वेळ लागतो. त्या गेल्या. मी चिरेवर आणखी एक थापी चुना ओढला.

तू शिकवलंस तसं चिरेवर आडवी काचेची पट्टी चुन्याने बसवली आहे. चीर हलली तर काच फुटेल. अजून फुटलेली नाही.

आता जे लिहायचं टाळलं ते लिहितो. तुळया मी कापल्या. चारही. तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी. लाकूड कापताना करवत चेपते, पाचर मारावी लागते, हे तुला मी काय सांगू. तिथे करवत चेपली नाही. पहिल्या तुळईत अर्ध्यावर आलो तेव्हा फट आपणहून रुंद होत गेली आणि शेवटचं बोटभर लाकूड माझ्या करवतीविना तुटलं. म्हणजे ती तुळई ताणून धरलेली होती. दोन्ही भिंतींना तीच ओढून होती, सव्वाशे वर्षं. मला त्याच क्षणी कळलं. कळूनही मी उरलेल्या तीन कापल्या.

तेव्हा आम्ही खनिजाच्या ढिगाजवळ झावळ्यांच्या खोपीत होतो. लक्ष्मी थुंकली की लाल थुंकायची. गोकुळदासबाबांनी सांगितलं होतं, काम पुरं कर, पक्की खोली तुझी. हे कारण म्हणून सांगत नाही. झालं ते सांगतो.

भिंतीला काय करावं, एवढं लिही. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

सगुण

पाळी,
२६ नोव्हेंबर १९७२

दादा,

काच फुटली. सोमवारी, सुरुंगानंतर. मी माथ्यावरून बाहेरच्या अंगाने ओळंबा सोडला. भिंत वरच्या बाजूला अडीच बोटं बाहेर गेली आहे.

मी गोकुळदासबाबांकडे गेलो. ते खुर्चीत बसून नकाशा बघत होते. मी उभ्यानेच सांगितलं की पेट्या खाली उतरवायला हव्यात, निदान पेट्या, आणि तोवर शाळा दुसरीकडे भरवावी. त्यांनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत, हेच त्यातलं अवघड आहे. त्यांनी मला पाणी द्यायला सांगितलं, मग फाइल काढली आणि एक कागद माझ्यापुढे धरला.

"वाच."

त्यावर लिहिलं होतं की इमारत मजबूत असून शाळेला योग्य आहे. खाली माझी सही. तुझ्याकडे तो कागद आला होता तेव्हा तू हात लावला नव्हतास.

"सही कोणाची?"

"माझी."

"मग आता मजबूत नाही म्हणतोस तर त्या दिवशी काय बघून केलीस? एकोणीस डिसेंबरला, मुक्तिदिनी, मोठे साहेब झेंडावंदनाला येतात. तोवर चीर बुजव, चुना मार. पेट्यांचं नंतर बघू."

मी म्हटलं, तोवर काही झालं तर?

"तुझ्या भावासारखं जायचं असेल तर रस्ता मोकळा आहे," ते म्हणाले. "पण तू गेलास तरी सही इथेच राहील."

मी घरी आलो आणि चुना भिजवला.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीला शाळेत पाठवलं नाही. अंग गरम लागतंय म्हटलं. तिसऱ्या दिवशीही. ती खोलीत पाटी घेऊन बसली, भिंतीपलीकडून तिच्या वर्गाचे पाढे ऐकू यायचे आणि ती इकडून त्यांच्याबरोबर म्हणायची. शेवंतीने दोन दिवस काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी माझ्यापुढे पेज ठेवली आणि समोर बसली.

"लक्ष्मीक ताप नाय. ताप तुमका आसा. काय जालां ता सांगा."

मी सगळं सांगितलं. करवतीचंही.

"पोरां किती आसत थंय?"

"चौसष्ट."

"आणि तुमी आपल्या एकट्या पोराक घरात ठेवलात."

तिने उठून लक्ष्मीचा परकर दोरीवरून काढला, घडी केली.

"फाल्यां ती शाळेत जातली. सगळ्यांवांगडा बसतली."

मी म्हटलं, तुला कळतंय का काय बोलतेस? ती म्हणाली, कळतंय म्हणूनच.

आणि तिने खरंच पाठवलं. दोन दिवस झाले. लक्ष्मी दुसऱ्या रांगेत बसते, त्या चिरेपासून पाच हातांवर. एक वाजायच्या आधी शेवंती पाण्याची घागर घेऊन वर्गात जाते आणि सुरुंग होईपर्यंत तिथेच थांबते. मी बाहेर असतो. इथून निघायला एक रस्ता आहे, तोही माझ्यासाठी नाही असं वाटतं. बोललो तर सही माझी. गप्प राहिलो तर मुलगी आत, बायको आत.

दादा, दोन ओळी लिही.

सगुण

पाळी,
१० डिसेंबर १९७२

दादा,

तुझं कार्ड मंगळवारी आलं. दोन वर्षांत पहिलं, आणि त्यात दोनच शब्द. "दारां उघड."

मी भिंतीचाच विचार करत बसलो होतो. दारं मीच बुजवली होती, तीच आधी उघडायला हवीत, हे मला सुचलं नाही.

बुधवारी सकाळी मी वर्गात गेलो. कमलाक्षीबाई फळ्यावर तारीख लिहीत होत्या. मी त्यांना बाजूला बोलावलं आणि म्हटलं, बाई, तो गिलावा वाळत नव्हता. मी तुमच्याशी खोटं बोललो. मी सगळं सांगितलं, मुलांना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात. त्यांनी खडू खाली ठेवला. हात पुसले. मग मुलांकडे वळून म्हणाल्या, "पाट्या उचला. दोघं दोघं, धक्काबुक्की नको. आज देवळात वाचन आहे."

चौसष्ट मुलं त्या एका दारातून बाहेर पडायला किती वेळ लागतो ते मी उभा राहून बघितलं. कोणी घाबरलेलं नव्हतं, तरी फार वेळ लागला.

मग मी पहार घेतली आणि बाजूची दारं फोडली. दुपारपर्यंत दोन्ही मोकळी झाली. गोकुळदासबाब आले तेव्हा मी चिरे नीट रचून ठेवत होतो. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "सगुण, तू स्वतःचं घर फोडलंस." त्याच संध्याकाळी कामावरून काढल्याचा कागद आला. खोली आठ दिवसांत सोडायची.

शुक्रवारी देवळाच्या मांडवात पालक जमले. बाईंनी मला बोलावलं होतं. सगळे खाणीतले, ट्रकवरचे. मी उभा राहून सांगितलं की तुळया मी कापल्या, कागदावर सही मी केली, आणि भिंत आता मुलांच्या डोक्यावर राहण्यासारखी नाही. कोणीतरी माझी कीव करेल असं मनात कुठेतरी होतं. सावंतवाडीकडचा सखाराम, ट्रक चालवतो, त्याच्या दोन मुली शाळेत आहेत, तो उठला.

"तुका ह्यां कळलां होतां, तरी सही केलंस?"

"केली."

"मगे दोन वर्सां खय होतंस? आणि आता कामावरसून काढल्यार बोलतंस?"

मी म्हटलं, आधी बोललो, मग काढलं. कोणी ऐकलं नाही. त्यांना वाटतं मी सूड काढतोय. कंपनी चिडून शाळाच बंद करेल ही त्यांना भीती, आणि ती भीती खोटी नाही. आधी इथे शाळा नव्हतीच.

मुलं अजून देवळात बसतात, ते फक्त बाई हटत नाहीत म्हणून.

सगुण

पाळी,
३१ डिसेंबर १९७२

दादा,

कपेल पडली नाही. हे पहिल्यांदा लिहितो, कारण इथे मला सगळे हेच विचारतात. "काय मेस्त, पडली?"

एकोणीस तारखेला झेंडावंदन झालं. दुसऱ्याच कोणा गवंड्याकडून चुना मारून घेतला होता, चीर दिसतसुद्धा नव्हती. मोठे साहेब भाषणात म्हणाले की परक्यांच्या प्रार्थनेची जागा आपल्या मुलांच्या विद्येची जागा झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोलणं चांगलंच होतं. मग भिंतीवर हात मारून म्हणाले, सव्वाशे वर्षं उभी आहे, आणखी सव्वाशे राहील. दोन जानेवारीपासून शाळा परत आत भरवायची, असा हुकूम निघाला.

आम्ही खोली सोडली. सामान देवळामागच्या पडवीत ठेवलं.

आता एक सांगतो, ते शेवंतीलाही सांगितलेलं नाही. मी रोज एक वाजता रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहायचो. सुरुंग व्हायचा, जमीन हलायची, आणि मी भिंतीकडे बघायचो. पड, असं मनात म्हणायचो. आत कोणी नाही, आत्ता पड, म्हणजे सगळ्यांना कळेल सगुण खरं बोलला. दहा-बारा दिवस मी हे मागितलं. मग बावीस तारखेला सुरुंगानंतर एक कौल घसरलं आणि माझं काळीज आनंदाने उडालं. नेमकी तेव्हाच दोन मुलं चेंडू शोधत कपेलीच्या मागून बाहेर आली.

मी तिथून निघून आलो. ज्या माणसाने ती बांधली त्याने ती उभी राहावी म्हणून बांधली. मी आधी ती मोडली आणि आता ती पडावी म्हणून वाट बघत होतो, नाव राखण्यासाठी.

चोवीस तारखेला रविवार होता, खाण बंद. सकाळी मी फोडलेल्या दारातून आत गेलो, माळ्यावर चढलो आणि पहिली पेटी डोक्यावर घेऊन खाली आलो. मैदानात झावळ्या अंथरून त्यांच्यावर ठेवली. दुसरी आणली. भिंत खरी की खोटी याचं भांडण ज्याने त्याने करावं, पण ओझं तरी मी उतरवू शकतो, एवढंच डोक्यात होतं. शेवंती आली आणि पेट्या नंबराप्रमाणे लावायला लागली. लक्ष्मी नंबर वाचून सांगत होती.

अकरावी की बारावी पेटी असेल, सखाराम दारात उभा होता.

"ह्यां काय चल्लां?"

मी खिशातून ओळंबा काढला, बाहेरून भिंतीला शिडी लावून माथ्यापाशी दोरी धरली आणि म्हटलं, "शिडीखाली ये आणि लंबक भिंतीपासून किती लांब आहे ते तूच मोज."

तो वाकला. बोटं लावली. परत लावली.

"तीन," तो म्हणाला. "तिनाच्या वर."

"माथ्याला दोरी भिंतीला चिकटून आहे. येऊन बघ."

तो वर आला नाही. भिंतीकडे एकदा, आणि दारातून आत, मुलींच्या रांगा जिथे बसायच्या तिकडे एकदा बघितलं. मग आत गेला, शर्ट काढून खुंटीला लावला आणि माळ्याची शिडी चढला. एक पेटी घेऊन उतरला, परत गेला. दुपारी त्याने वस्तीतून आणखी चौघांना आणलं. त्यांनीही आधी ओळंबा बघितला. संध्याकाळपर्यंत आम्ही पंधरा जण होतो. एकशे चाळीस पेट्या बाहेर आल्या.

गोकुळदासबाब आले तेव्हा शेवटच्या चार-पाच राहिल्या होत्या. म्हणाले, कंपनीचे नमुने विस्कटलेत, जबाबदार कोण? शेवंती पदर खोचून उभी होती. "नंबरान लावल्यात. बघून घेयात," म्हणाली. ते रांगांमधून शेवटपर्यंत चालत गेले आणि परत आले. एकही पेटी चुकली नव्हती. ते जीपमध्ये बसले.

सगुण

पाळी,
१४ जानेवारी १९७३

दादा,

तुझं कार्ड मिळालं. या वेळीही दोनच शब्द. "येव काय?"

आधी इथलं सांगतो, मग ठरव.

शाळा आत भरली नाही. कमलाक्षीबाईंनी सरकारी खात्याला लिहून कळवलं की मुलांना त्या इमारतीत नेणार नाही, आणि खाली एकवीस पालकांनी सह्या केल्या. पणजीहून इंजिनियर येणार म्हणतात. कधी, ते कोणी सांगत नाही. तोवर कपेलीला कुलूप नाही आणि माणूसही नाही. बाहेरून सहा टेकू दिलेत, लाकूड सखारामने आणलं. पेट्या उतरल्यापासून नवी काच फुटलेली नाही, पण भिंत परतही आलेली नाही.

कंपनीने माझ्यावर तक्रार केली आहे. दारं फोडल्याची, पेट्या हलवल्याची. पोलिसांनी जबाब घेतला. तुळयांचं त्यांनी विचारलं नव्हतं, तेही मी लिहून दिलं. दर सोमवारी ठाण्यावर हजेरी लावायची आणि चौकशी संपेपर्यंत तालुका सोडायचा नाही. म्हणून मला पार्श्याला येता येत नाही, नाहीतर हे सगळं तुझ्यापुढे उभा राहून बोललो असतो.

काम कोणी देत नाही. आपलंच काम खोटं म्हणणाऱ्या गवंड्याच्या हातात चिरा कोण देणार? सखारामने आपल्या घराला लागून एक पडवी काढून दिली आहे, तिथे राहतो. शेवंती शेतावर जाते. धूळ परत आहे, लक्ष्मी परत थोडी खोकते. वस्तीत निम्मे लोक अजून म्हणतात, भिंतीला काही झालेलं नव्हतं, मीच शाळा बुडवली. सकाळी उठलो की पहिल्यांदा कपेलीचा माथा दिसतो आणि दिवसभर मी त्याच्या आसपासच असतो. बांधून घातल्यासारखा.

तुळयांची टोकं दोन्ही भिंतींत अजून पक्की आहेत. मधले तुकडे कंपनीने जळणाला काढले होते, ते शेवंतीने मागून घेतले आणि आमच्या पडवीत ठेवलेत. लोखंडी पट्ट्या मारून ते परत जोडता येतील की नवीन लाकूड लागेल, आणि भिंत आधी ओढायची की तशीच धरायची, हे मला ठरवता येत नाही. ठरवायची भीती वाटते असंही म्हण. इंजिनियर आला तर पाडा म्हणेल, ते सोपं आहे. वाचते असं सांगणारा कोणीतरी हवा. आणि वाचत नसेल, तर तेही तुझ्याच तोंडून ऐकायचंय.

तेव्हा ये. डिचोलीहून येणारी बस अकराला पोचते, मी थांब्यावर असेन. माझ्याशी बोलायची घाई करू नकोस. आधी भिंत बघ.

सगुण